चौल: एक बंदर, दोन गावे आणि अनेक धनी

अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चौलला येतो, आणि चौल संपून रेवदंडा कधी सुरू झाला हे नवख्या माणसाच्या लक्षातही येत नाही. सोळाव्या शतकात मात्र एवढ्याच अंतरात माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. चौलमध्ये अहमदनगरच्या निजामशाहाचा अंमल होता आणि कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंड्याला, पोर्तुगालच्या राजाचा झेंडा होता. दोन सत्तांचे आपसांत युद्ध झाले, वेढे पडले, तह झाले. तरीही दोन्ही गावांचे पोट एकाच खाडीवर भरत होते. चौलचा इतिहास वाचताना राजवंशांची नावे इतक्या वेगाने बदलतात की वाचक गोंधळतो. त्यामुळे राजांकडे वळण्याआधी हे बंदर कशावर चालत होते ते समजून घेतलेले बरे. ते समजले की कोणता सत्ताबदल महत्त्वाचा होता आणि कोणता केवळ नावापुरता, हे आपोआप कळते.

शिडाच्या जहाजाला बंदराकडून दोन गोष्टी हव्या असतात. पहिली म्हणजे आडोसा. कुंडलिका नदी रोह्याकडून वाहत येऊन जिथे समुद्राला मिळते, तिथे दक्षिणेच्या बाजूने कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे आणि त्याच्या आडोशाला खाडीच्या आत गलबते सुरक्षित नांगरता येत. दुसरी गोष्ट म्हणजे मागचा मुलूख. बंदरात माल उतरवून उपयोग नसतो. तो विकत घेणारी आणि बदल्यात दुसरा माल देणारी माणसे हवीत, आणि कोकणाच्या चिंचोळ्या पट्टीत अशी माणसे पुरेशी नव्हती. ती घाटमाथ्यावर होती. म्हणून चौलचे खरे गिऱ्हाईक सह्याद्रीपलीकडे, जुन्नर, पैठण, देवगिरी, बीदर, अहमदनगर अशा ठिकाणी बसलेले होते आणि चौलला त्यांच्याशी जोडणाऱ्या घाटवाटा हा बंदराचाच भाग होता, असे म्हणायला हरकत नाही.

या सगळ्याचे वेळापत्रक पावसाळा ठरवत असे. जूनपासून नैऋत्येचा वारा सुटला की कोकणातली बंदरे बंद होत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की दर्या खुला होई. इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्राकडून येणारी तारवे मोसमी वाऱ्याचा हिशेब धरून येत आणि ईशान्येकडचे वारे सुरू झाले की परत निघत. १५१६च्या सुमारास चौलचे वर्णन लिहिणारा दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज सांगतो की या गावात एरवी वस्ती थोडी असे, पण डिसेंबर ते मार्च या महिन्यांत ते गजबजून जाई. घाटावरचे व्यापारी बैलांचे तांडे घेऊन उतरत. बैलांच्या पाठीवर लांबच लांब गोण्या आडव्या टाकलेल्या असत आणि वीस-तीस बैलांमागे हाकणारा माणूस एकच असे. बंदरापासून थोड्या अंतरावर ते आपला बाजार मांडत. मलबारकडून नारळ, सुपारी आणि मसाले येत, पश्चिमेकडून तांबे आणि पारा येई, आणि परत जाताना गहू, इतर धान्य व सुती कापड भरले जाई. हे वर्णन मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात कोणत्याही राजाचे नाव न घेता बंदर म्हणजे काय ते कळते.

चौल मुळात मध्ययुगाहूनही जुने आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमुल गावच्या दात्यांचे उल्लेख येतात आणि इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखनात सेमुल्ला, सिमुल्ला अशा रूपांत हे नाव भेटते. अरब प्रवाशांनी त्याला सैमूर म्हटले. अरबीत ‘च’ हा उच्चार नाही, म्हणून ‘चीन’चे त्यांनी जसे ‘सीन’ केले, तसेच चेमूरचे सैमूर झाले. नावातला हा बदल ओळखता आला नाही, तर अरबी ग्रंथांतले सैमूर आणि शिलाहारांच्या ताम्रपटांतले चेमुल्य ही एकच जागा आहे, हे लक्षातच येत नाही.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रदेश उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे होता. शिलाहार हे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे मांडलिक. म्हणजे वर एक सम्राट आणि त्याच्या वतीने किनारा सांभाळणारा एक राजा, अशी दुपदरी व्यवस्था होती. बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल मसुदी ९१६च्या सुमारास सैमूरला आला. तिथे झंझ नावाचा राजा बल्हराच्या वतीने राज्य करतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा झंझ म्हणजे शिलाहार राजा झंझ आणि बल्हरा म्हणजे ‘वल्लभराज’ हे बिरुद लावणारा राष्ट्रकूट सम्राट. मसुदीच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळी सैमूरमध्ये सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले व्यापारी होते आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलेही होती. या दुसऱ्या गटाला ‘बयासिरा’ असे वेगळे नाव होते. त्यांच्या आपसांतल्या भांडणांचा निवाडा त्यांच्यातलाच एक प्रमुख करत असे आणि त्याची नेमणूक राजाकडून होत असे.

ही व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. परदेशी व्यापारी येतात तेव्हा वारसा, कर्ज, भागीदारी, लग्न यांबाबत त्यांचे स्वतःचे नियम असतात. प्रत्येक तक्रारीत राजाने आपला कायदा लावायचा म्हटले तर व्यापारी दुसऱ्या बंदराला जातील, आणि पश्चिम किनाऱ्यावर ठाणे, सोपारा, भडोच, खंबायत असे पर्याय भरपूर होते. म्हणून राजाने निवाड्याचा अधिकार त्यांच्याच प्रमुखाकडे सोपवला आणि स्वतः जकातीवर समाधान मानले. शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘हंजमन’ या व्यापारी समूहाचा उल्लेख नगरातील मान्यवरांबरोबर केलेला दिसतो, तो याच पद्धतीचा पुरावा आहे. जकात किती मोलाची होती ते शिलाहार राजा अनंतदेवाच्या खारेपाटण येथे सापडलेल्या शके १०१६, म्हणजे सुमारे १०९५ सालच्या ताम्रपटावरून कळते. त्यात भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी या भावांच्या मालाला ठाणे, सोपारा, चेमुल्य इत्यादी बंदरांत जकात माफ केलेली आहे. भाभण हा राजाचा महामात्यही होता आणि व्यापारीही. अशा माणसाला जमीन इनाम देण्याऐवजी राजाने बंदरातली माफी दिली. बंदराचे उत्पन्न हीच त्या राज्याची खरी दौलत होती, हे याहून स्पष्ट सांगायला नको.

त्यानंतरचे सत्ताबदल भराभर सांगता येतील, कारण त्यांनी बंदराच्या कारभारात फारसा फरक पडला असे दिसत नाही. १२६५च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा समुद्रावर पराभव केला आणि सोमेश्वर बुडून मेला. बोरिवलीजवळच्या एकसर गावातील वीरगळांवर कोरलेली नाविक लढाई हीच असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या खिलजींनी संपवले, आणि १३४७ साली बहमनी राज्याची स्थापना झाल्यावर दख्खनचा कारभार पुन्हा दख्खनमधूनच होऊ लागला.

बहमनी काळात एका प्राण्याने चौलचे महत्त्व वाढवले, तो म्हणजे घोडा. दख्खनच्या हवापाण्यात चांगल्या युद्धघोड्यांची पैदास नीट होत नसे आणि राज्य तर घोडदळावर टिकून होते. म्हणून अरबस्तान आणि इराणमधून दरवर्षी घोडे आणावे लागत, आणि ते जहाजातून उतरवायला बंदर लागे. मुसलमानी सत्ता आणि विजयनगर दोघांनाही हीच गरज असल्याने चौल, दाभोळ, गोवा ही बंदरे ताब्यात असणे म्हणजे शत्रूचे घोडदळ रोखून धरणे होते. बहमनींचा वजीर महमूद गवान स्वतः इराणमधल्या गिलानहून व्यापारासाठी दाभोळला उतरलेला माणूस. त्याने विशाळगड आणि गोवा जिंकण्यासाठी एवढा आटापिटा का केला, ते या पार्श्वभूमीवर समजते.

याच काळात, १४६९च्या आसपास, रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. त्याच्याबरोबर विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता आणि त्याच्यावर त्याचे शंभर रूबल खर्च झाले होते. चौलहून पाली, उमरे असा मुक्काम करत तो जुन्नरला पोहोचला, तोवर पाऊस सुरू झाला आणि दोन महिने तिथेच अडकला. जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत देईन, वर इनामही देईन, नाहीतर दंड भर, असे बजावले. अखेर खुरासानच्या एका महंमद नावाच्या बड्या असामीने मध्यस्थी केल्यामुळे घोडा सुटला आणि पुढे बीदरला विकला गेला. निकितीनच्या टिपणांतून एक गोष्ट फार ठळकपणे दिसते: किनाऱ्यावर सुखरूप उतरलेला व्यापारी घाटमाथ्यावरच्या अधिकाऱ्याच्या लहरीवर अवलंबून होता, आणि त्याला सोडवणारे हातही दूरदेशाहून आलेल्या माणसांचेच होते. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे.

१४९० साली मलिक अहमदने जुन्नरला स्वतंत्र होऊन निजामशाही स्थापन केली आणि चौल हे तिचे मुख्य बंदर झाले. मागचा मुलूख आणि बंदर एकाच धन्याच्या हाती येण्याचा हा उत्तम योग होता, पण त्याच सुमारास समुद्रावर अगदी निराळ्या तऱ्हेचे पाहुणे आले. पोर्तुगिजांचा दावा असा होता की जमीन ज्याची असेल त्याची असो, समुद्र आमचा आहे; गलबताने आमच्याकडून कार्ताझ नावाचा परवाना घ्यावा आणि परवाना नसेल तर आम्ही ते लुटू. या किनाऱ्यावर तोवर जमिनीसाठी लढाया झाल्या होत्या, चाचेगिरीही होती, परंतु खुल्या समुद्रावर ये-जा करण्यासाठीच कोणी परवाना मागितला नव्हता.

पहिली मोठी टक्कर चौलच्या खाडीतच झाली. मार्च १५०८मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाने पाठवलेले आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज याचा ताफा, असे दोघे मिळून पोर्तुगीज जहाजांवर चालून आले. गव्हर्नर फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो माघार घेत असता त्याचे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो तिथेच लढताना मारला गेला. कैरो आणि लिस्बनच्या सत्तांमधल्या लढाईचा निकाल इथल्या कोळ्यांच्या खुंटांनी लावावा, हे वाचून प्रत्येक वेळी मी थांबतो. मुलाचा सूड घ्यायला निघालेल्या बापाने आधी दाभोळ जाळले आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवजवळ संयुक्त आरमाराचा धुव्वा उडवला. त्यानंतर या समुद्रात पोर्तुगिजांना आव्हान देईल असे आरमार काही काळ उरले नाही.

निजामशाहापुढे दोनच वाटा होत्या. आरमार नसताना पोर्तुगिजांशी वैर धरले तर घोडे बंद होतील आणि बंदर सुकेल. जुळवून घेतले तर थोडा मान जाईल, पण व्यापार चालेल. बुऱ्हाण निजामशाहाने दुसरी वाट धरली. १५१६ साली पोर्तुगिजांना वखारीची परवानगी मिळाली आणि १५२१ साली खाडीच्या मुखाशी किल्ला बांधण्याची. बदल्यात चौलमार्गे घोडे आणू देण्याचे आश्वासन शाहाने घेतले. चौल वाढले तर आपले दीव मागे पडेल, या धास्तीने मलिक अयाजने आपले आरमार पाठवून बांधकाम रोखायचा प्रयत्न केला, तरी १५२४पर्यंत किल्ला उभा राहिला. अशा रीतीने दोन चौल अस्तित्वात आली: आतल्या बाजूचे जुने, वरचे चौल निजामशाहाचे आणि मुखाशी असलेले खालचे चौल, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगिजांचे. १५६०च्या दशकात आलेला व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरीची आणि १५८३ साली आलेला इंग्रज राल्फ फिच, दोघांनीही या जुळ्या गावांची नोंद केली आहे. मक्का आणि होर्मुझकडे जाणारा माल, चौलचे रेशीम आणि तिथले कुशल विणकर यांची कीर्ती या काळातल्या परदेशी लेखनात पुन्हा पुन्हा येते.

आपल्याला आज ही मांडणी चमत्कारिक वाटते, पण तिच्यात दोघांचाही हिशेब होता. पोर्तुगिजांकडे जहाजे होती, मागे मुलूख नव्हता. शाहाकडे मुलूख, कारागीर आणि तांडे होते, पण जहाजांना संरक्षण देण्याची ताकद नव्हती. एकाने दुसऱ्याला संपवले असते तर त्याचेच बंदर अर्धे झाले असते. हा समतोल मोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न १५७० साली झाला. १५६५ साली विजयनगरचा पराभव केल्यानंतर दख्खनच्या शाहांचा आत्मविश्वास वाढला होता. विजापूरच्या अली आदिलशाहाने गोव्यावर, मुर्तजा निजामशाहाने चौलवर आणि कालिकतच्या सामुतिरी राजाने चालियमच्या किल्ल्यावर चाल करावी, असा एकत्रित बेत ठरला. इतक्या दूरच्या राज्यांनी मिळून आखलेली पोर्तुगिजांविरुद्धची एवढी मोठी मोहीम दुसरी दाखवता येणार नाही.

चौलचा वेढा १५७०च्या अखेरीस सुरू झाला आणि पुढच्या वर्षीच्या मध्यापर्यंत चालला. पोर्तुगीज लेखक शाहाच्या फौजेचा आकडा लाखावर नेतात. तो फुगवलेला आहे असे धरले, तरी आतल्या शिबंदीच्या कितीतरी पट फौज बाहेर होती, यात शंका नाही. रेवदंड्याच्या वस्तीभोवती तेव्हा पुरता तटही नव्हता. घरे, चर्च आणि मठ यांनाच मोर्चे करून लोक लढले. तरीही ठाणे पडले नाही. याचे मुख्य कारण असे की शाहाने तीन बाजूंनी वेढले होते आणि चौथी बाजू समुद्राची होती. त्या बाजूने गोव्याहून आणि वसईहून माणसे, दारूगोळा आणि धान्य येतच राहिले. निजामशाहाच्या काही सरदारांनी पोर्तुगिजांकडून नजराणे, विशेषतः मद्य, घेऊन रसद आत जाऊ दिली, असा आरोप इतिहासकार फरिश्ताने केला आहे. तो खरा मानला तरी आरमाराची उणीव हेच मूळ दुखणे होते. १५७१ साली तह झाला आणि परिस्थिती पूर्वपदावर आली. पोर्तुगिजांनी मग रेवदंड्याभोवती भक्कम तट घातला. वाड्यांमधून आज जागोजागी दिसतात ते त्या तटाचेच अवशेष. गावकरी ज्याला सातखणी बुरूज म्हणतात तो लष्करी बुरूज नसून फ्रान्सिस्कन पंथीयांच्या चर्चचा मनोरा आहे.

खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर मात्र कळीचा होता, कारण तिथे तोफा चढवणाऱ्याच्या हाती खाडीचे दार येई. दोघांपैकी कोणीच तिथे किल्ला बांधू नये, असा समझोता पूर्वी झालेला होता. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने तो मोडून तिथे किल्ला उभारला आणि १५९४ साली पोर्तुगिजांनी तो हल्ला करून जिंकला. खाडीची दोन्ही टोके त्यांच्या हाती आली. लष्करी दृष्टीने हा त्यांचा चौलमधला सर्वोच्च क्षण होता. पण व्यापाराला ओहोटी लागायला तिथूनच सुरुवात होते. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले, १६३६ साली निजामशाही पूर्ण बुडाली, आणि तिचा कोकणातला मुलूख विजापूरकडे गेला. घाटमाथा युद्धांनी आणि १६३०च्या भीषण दुष्काळाने उजाड झाला होता. उत्तर हिंदुस्थानचा माल मोगलांच्या सुरतेकडे वळला. १६२२ साली होर्मुझ पोर्तुगिजांच्या हातून गेल्याने समुद्रापलीकडचे टोकही तुटले. किल्ले शाबूत होते, तोफा शाबूत होत्या, पण माल आणणारे बैल येईनासे झाले.

पुढचा भाग मराठी वाचकाला परिचित आहे. १६५७च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीबरोबर उत्तर कोकणाचा मोठा भाग घेतला आणि वरचे चौल स्वराज्यात आले. १६८३ साली संभाजी महाराजांनी रेवदंड्याला वेढा घातला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून पोर्तुगीज फोंड्यावर चालून गेले आणि युद्धाचे तोंड गोव्याकडे वळले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर रेवदंडा एकटा पडला. १७४०च्या तहाने पोर्तुगिजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांना दिले आणि बदल्यात गोव्याकडची साष्टी मराठ्यांनी सोडली. दोनशे वर्षांहून अधिक काळानंतर दोन्ही चौल पुन्हा एकाच, या वेळी मराठी, सत्तेखाली आली, परंतु तोवर त्यांच्याकडे येणारी गलबते मुंबईला जाऊ लागली होती. १६६८ साली मुंबई इंग्रज कंपनीच्या ताब्यात गेल्यानंतर तिथल्या कारभाऱ्यांनी चौलच्या विणकरांना बोलावून वसवले होते. १८१८ साली इंग्रजी अंमल आला तेव्हा गाळाने भरत चाललेल्या या खाडीत त्यांना विशेष रस नव्हता.

बंदर गेले, पण त्याच्यामुळे आलेली माणसे लगेच गेली नाहीत. चौलचे रामेश्वराचे आणि हिंगळजेचे देऊळ, बहमनी काळापासूनच्या मशिदीचे आणि हमामखान्याचे अवशेष, रेवदंड्यातले बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनास्थळ आणि पोर्तुगीज चर्चच्या भिंती, हे सारे एका दिवसात पायी पाहून होते. खाडी ओलांडून कोर्लईला गेलो तर किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात सुमारे हजारभर ख्रिस्ती लोक अजून एक निराळी बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज शिपाई आणि इथले धर्मांतरित रहिवासी यांच्या सहवासातून ती सोळाव्या शतकात घडली आणि १७४०नंतर पोर्तुगालशी संबंध तुटला तरी घरोघरी टिकली. तिच्यातले बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत. क्रियापद मात्र मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते.